एका वाक्यात चार ‘स्पर्धा’: हेप्टॅथलॉनला मराठीत काय म्हणावं?

शाईदौत
मुलांच्या एका मासिकासाठी स्वप्ना बर्मनवरचा लेख मराठीत आणतेय. एका वाक्यापाशी गाडी अडली आहे. पहिला खर्डा असा: ‘२०१८च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत हेप्टॅथलॉन स्पर्धेतल्या सात स्पर्धांपैकी उंच उडी आणि भालाफेक या दोन स्पर्धांत ती पहिली आली.’ संपादकांनी चारही ‘स्पर्धां’भोवती लाल गोल काढून कागद परत पाठवला. रास्तच आहे. अख्खा सोहळा, त्यातली सात प्रकारांची एकत्र लढत आणि त्यातला एकेक प्रकार, तिन्हींना आपल्याकडे एकच शब्द. शेवटच्याला ‘क्रीडाप्रकार’ म्हणून भागेल. मधल्याचं काय करू? संपादक ‘सप्तक्रीडा’ म्हणताहेत. तुमच्या कानाला कसा वाटतो?

धातुपाठ
बिनदिक्कत वापरा. सप्तपदी, पंचक्रोशी, त्रिस्थळी, अष्टपैलू. आकडा पुढे लावून शब्द घडवणं मराठीच्या अंगवळणी पडलेलं आहे. पंचक्रीडा, सप्तक्रीडा, दशक्रीडा असा संचच हाती येतो, आणि मुलाला न सांगता कळतं की प्रकार किती. ‘हेप्टा’वरून त्याला काय कळणार? सावरकरांनी ‘महापौर’ आणि ‘दिग्दर्शक’ दिले तेव्हा तेही नवेच होते. वापरले म्हणून रुळले.

ट्रॅकवाली
मी विद्यापीठाकडून हेप्टॅथलॉन खेळलेय. मैदानावर ‘सप्तक्रीडा’ एकदाही कानावर आला नाही. आम्ही ‘हेप्टा’ म्हणायचो. ‘तुझा हेप्टा कधी?’ ‘हेप्टात तिसरी आली.’ एकेक प्रकार म्हणजे ‘इव्हेंट’. आणि मला ‘क्रीडा’ हा शब्दच इथे हलका वाटतो. पहिल्या दिवशी १०० मीटर अडथळे, उंच उडी, गोळाफेक, २०० मीटर. दुसऱ्या दिवशी लांब उडी, भालाफेक, ८०० मीटर. आदल्या संध्याकाळी दोनशे मीटर जीव तोडून पळालेलं असतं, सकाळी मांड्या दगड झालेल्या असतात, आणि त्याच पायांनी लांब उडीच्या फळीवर पाऊल नेमकं पाडायचं असतं. आठशेच्या रेषेवर उभं राहताना प्रत्येकीला गुण पाठ असतात: पुढच्या मुलीला किती सेकंदांनी मागे टाकलं तर एकूण गुणांत आपण वर जाऊ. प्रतिस्पर्धी मुलींपेक्षा गुणतक्त्याशीच झगडा जास्त. म्हणून तर शेवटची शर्यत संपली की सगळ्या जणी हातात हात घालून मैदानाला फेरी मारतात. स्वप्नाने ६०२६ गुण मिळवून सुवर्ण घेतलं, तेही दात दुखत असताना गालाला पट्टी लावून. याला क्रीडा म्हणायला माझा जीव होत नाही.

धातुपाठ
ताई, तुमच्या कष्टांबद्दल पूर्ण आदर आहे. पण क्रीडांगण, क्रीडामंत्री, क्रीडा शिक्षक हे शब्द उच्चारताना कुणाच्या मनात मौजमजा येते? अर्थ वापराने घट्ट होतो.

लिंबोणी
मूळ शब्दाकडे कुणी पाहिलंच नाही. ग्रीक ‘ॲथलॉन’ म्हणजे जिंकणाऱ्याला मिळणारं बक्षीस. पेंटॅथलॉन, हेप्टॅथलॉन, डेकॅथलॉन, ट्रायथलॉन, बायथलॉन हे सगळं त्याचं कुळ. मॅरेथॉन मात्र या कुळातली नाही. ते ग्रीसमधल्या एका ठिकाणाचं नाव. तिचं शेपूट तोडून पुढे वॉकेथॉन आणि हॅकेथॉन निघाले. आता पैज आणि जिंकायची वस्तू हे दोन्ही अर्थ सांभाळणारा शब्द आपल्याकडे आहे: ‘पण’. स्वयंवरातला पण, पणाला लावणे. म्हणून माझी सूचना ‘सप्तपण’ आणि ‘दशपण’. दोन अक्षरांनी काम होतं.

शाईदौत
सुंदर आहे, पण मुलं ‘शहाणपण’ आणि ‘बालपण’च्या चालीवर वाचतील. ‘दशपण’ म्हणजे दहा असण्याची अवस्था!

लिंबोणी
आधी एक ओळ समजावून द्या. मुलं पटकन उचलतात.

कृष्णाकाठ
तुम्ही सगळे मधल्या मजल्यावर अडकलात, मला वरचा दिसतोय. अख्ख्या सोहळ्याला आमच्याकडे सरळ ‘मैदान’ म्हणतात. जत्रेला कुस्त्यांचं मैदान असतं, बैलगाडी शर्यतीचंही मैदानच. ‘औंदा मैदान कधी हाय?’ असं विचारलं की जागेबद्दल विचारतोय असं कुणालाच वाटत नाही. ‘मैदान मारलं’ तर सगळा महाराष्ट्र म्हणतो. ‘जकार्ताच्या मैदानात हेप्टॅथलॉनच्या सात प्रकारांपैकी’ असं लिहा, चारही ‘स्पर्धा’ गेल्या.

धातुपाठ
मैदान फारसी आहे.

कृष्णाकाठ
मग ‘शर्यत’ कुठली? अरबी ‘शर्त’मधूनच आली ना? अडथळ्यांची शर्यतही काढून टाकणार? माझ्या आजोबांनी उभ्या जन्मात ‘स्पर्धा’ म्हटलं नाही. शर्यत, पैज, मैदान, फड यांत त्यांचं सगळं भागलं. जो शब्द धुळीत लोळलाय तो मराठीच, दाखला कुठलाही असो.

धातुपाठ
रुळलेला शब्द काढा असं मी म्हटलेलंच नाही. पण जिथे जागा रिकामी आहे तिथे आधी घरचं बियाणं पेरावं, एवढंच म्हणणं आहे.

ट्रॅकवाली
जागा रिकामी नाहीच मुळी, तिथे ‘हेप्टा’ बसलाय. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्प ऑलिम्पिकला जाऊन मॅरेथॉन धावले, एकोणिसावे आले. आज मॅरेथॉनला मराठी शब्द द्या म्हणून कुणी अडून बसतं का? गल्लीतली आजीसुद्धा ‘मॅरेथॉनमुळं रस्ता बंद हाय’ म्हणते. हेप्टॅथलॉनला अजून तेवढं कुणी पाहिलेलं नाही, एवढाच फरक. आधी मुलींना खेळवा, शब्द आपोआप घरचा होईल.

शिट्टी
शाळेत खेळ शिकवतो. तेजस्विन शंकरने २०२३ला हांगझोऊत डेकॅथलॉनमध्ये रौप्य मिळवलं तेव्हा आठवीच्या वर्गात सांगितलं, तर मुलांना त्या नावाचं खेळसाहित्याचं दुकानच आठवलं. बूट आणि सॅक तिथूनच आणतात, त्यांचा दोष नाही. त्या दिवशी मी फळ्यावर ‘दशक्रीडा’ लिहिलं आणि खाली दहाही प्रकार मांडले. आकडा समोर होता म्हणून पोरांनी मोजून पाहिले, नववा भालाफेक, दहावा १५०० मीटर. तेव्हा माझं मत धातुपाठ यांच्या बाजूने. अडलो ते आठव्याला. पोल व्हॉल्टला मी ‘बांबूउडी’ लिहिलं. एक मुलगी म्हणाली, सर, तो बांबू नाही, वाकतो तो. तिचं बरोबर आहे, आता फायबरग्लास असतो. मग ‘बांबूउडी’ ठेवायची का?

कृष्णाकाठ
ठेवायची! कॉर्नेलियस वॉर्मरडॅमने १९४० साली बांबूच्याच काठीने पहिल्यांदा पंधरा फूट ओलांडले. शब्दाने तो इतिहास धरून ठेवलाय.

लिंबोणी
‘दंडउडी’ करा. दंड कशाचाही असू शकतो.

ट्रॅकवाली
दंड म्हटलं की आखाड्यातले दंड-बैठका आठवतात. ‘बांबूउडी’च बरी. थाळीफेकीतली थाळी तरी जेवायची कुठे असते?

शाईदौत
अंक उद्या छपाईला जातोय. ‘स्पर्धा’ एकच ठेवली, आशियाई क्रीडा स्पर्धेतली. मजकुरात ‘हेप्टॅथलॉन’, चौकटीत ‘सप्तक्रीडा’. संपादक दोन्हीकडे ‘सप्तक्रीडा’च मागताहेत, रात्री पुन्हा बोलणार आहे. मैदानाचा मुद्दा त्यांच्या कानावर घालते.

धातुपाठ
चौकटीत आहे ना, मग मजकुरातही येऊ द्या. शिट्टी सर, ‘बांबूउडी’ला माझा विरोध नाही, पण ‘दंडउडी’चा विचार व्हायला हवा. जुन्या शालेय पुस्तकांत काय छापत असत, कुणाकडे आहे का एखादं?