‘शॉर्ट’, ‘ओपन’ आणि ‘अर्थ’: गाडीच्या ऑटो लाइटच्या बिघाडाचे शब्द

प्रश्न

माझ्या गाडीच्या दिव्यांचा स्विच ‘ऑटो’वर ठेवला की भर दुपारीही हेडलाइट सुरूच राहतात. गॅरेजमधून मिळालेल्या कागदावर ‘सेन्सर शॉर्ट’ एवढेच लिहिले आहे. हा ‘शॉर्ट’ म्हणजे शाळेच्या पुस्तकातले ‘लघुपरिपथन’च का? तसे असेल, तर एकही फ्यूज उडालेला नाही, हे कसे?

प्रतिसाद

आपली शंका रास्त आहे. विजेचे काहीही बिघडले की ‘शॉर्ट झाले’ म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे, पण शब्दाचा अर्थ नेमका आहे: बल्बसारख्या उपकरणातून न जाता विजेला मध्येच आडवाट सापडणे. तसे झाले की रोध (रेझिस्टन्स) जवळजवळ शून्यावर येतो, धारा (करंट) एकदम वाढते आणि हेडलाइटच्या मुख्य वायरीत हे घडले तर फ्यूज उडतो. उजेड ओळखणाऱ्या सेन्सरच्या वायरीतून मात्र दिवे लावणारे-विझवणारे कंट्रोल युनिट अगदी थोडीच धारा सोडते, त्यामुळे तिथे खरोखर शॉर्ट झाला तरी फ्यूज शाबूत राहू शकतो.

तरीही आपल्या कागदावरचा शब्द मला चुकीचा वाटतो. साध्या रचनेतल्या सेन्सरचा रोध उजेडात कमी होतो आणि अंधारात वाढतो. तो शॉर्ट झाला तर युनिटला सतत ऊन पडल्यासारखे भासेल आणि रात्रीही दिवे लागणार नाहीत. उलट त्याची वायर तुटली किंवा प्लग सैल झाला, म्हणजे परिपथ ‘ओपन’ झाला, तर युनिट अंधार समजून दिवे चालू ठेवेल. आपले लक्षण दुसऱ्या प्रकारात बसते. इलेक्ट्रॉनिक सेन्सर असलेल्या नव्या गाड्यांत हे गणित इतके सरळ नसते, तिथे स्कॅनरवर दिसणारा कोड पाहावा लागतो.

त्याआधी सेन्सर झाकला गेला आहे का, ते पाहावे. तो बहुधा पुढच्या काचेला आरशामागे किंवा डॅशबोर्डवर काचेलगत असतो. आरशामागे चिकटवलेला फास्टॅग किंवा डॅशबोर्डवर अंथरलेले कापड नेमके त्याच्यावर आले, तर दिवसाही दिवे लागतात. याला ‘बिघाड’ म्हणूच नये, सेन्सर आपले काम चोख करीत असतो.

आणखी एक प्रतिसाद

‘करंट येतोय, पण लाइट लागत नाही’ हे नेहमी कानावर येणारे वाक्यही तपासून घ्यायला हवे. बल्ब काढून होल्डरवर मीटर लावला आणि १२ व्होल्ट दिसले, तर तिथे मोजले गेले ते विभवांतर (व्होल्टेज); धारा तेव्हा जवळजवळ वाहतच नसते. गंजलेल्या वायरीचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर हे १२ व्होल्ट दाखवतो, आणि बल्ब जोडला की ते कोसळतात. म्हणून हे मोजमाप बल्ब जोडून आणि दिवा सुरू ठेवून घ्यावे. मी तरी अशा वेळी ‘व्होल्टेज आहे’ असेच म्हणेन.

‘अर्थ’ या शब्दाचेही असेच आहे. घरच्या वायरिंगमध्ये ‘अर्थिंग’ खरोखर जमिनीत जाते, म्हणून तिथे ‘भूसंपर्क’ हा प्रतिशब्द चपखल बसतो. गाडी तर रबरी टायरांवर उभी असते. तिथला ‘अर्थ’ म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेली बॉडी, आणि त्याला ‘भूसंपर्क’ म्हटले की नवशिका गोंधळतो. त्यापेक्षा ‘बॉडी अर्थ’ हा गॅरेजमधला शब्दच बरा.

हा जोड गंजला की काय होते, ते पाहण्यासारखे आहे. १२ व्होल्ट, ५५ वॅटचा बल्ब सुमारे ४.६ अँपिअर धारा घेतो, म्हणजे पेटलेल्या अवस्थेत त्याचा रोध साधारण २.६ ओहम असतो. गंजामुळे वाटेत केवळ अर्धा ओहम वाढला, तरी जवळपास २ व्होल्ट तिथेच खर्च होतात आणि दिवा मिणमिणतो. हा शॉर्टही नाही आणि ओपनही नाही. ‘अर्थ कमजोर आहे’ हा रूढ शब्दप्रयोग इथे अगदी अचूक आहे. दिवा सुरू असताना मीटरची एक तार बल्बच्या अर्थ टोकाला आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला लावली, की हा खर्च थेट वाचता येतो.

प्रश्नकर्ता

मग पुन्हा गाडी देताना कागदावर काय लिहून घ्यावे?

प्रतिसाद

‘सेन्सर’, ‘शॉर्ट’ असे निदानाचे शब्द आपण देऊ नयेत, फक्त लक्षण लिहावे: ‘स्विच ऑटोवर असताना उजेडातही हेडलाइट बंद होत नाहीत, स्विच बंदवर नेल्यास विझतात.’ शेवटचा भाग वगळू नका. दिवे स्विचने विझत असतील, तर रिले (दिव्यांना वीज जोडणारा-तोडणारा विजेवर चालणारा स्विच) चिकटलेला नाही हे मेकॅनिकला वाचताक्षणीच कळेल आणि तो थेट सेन्सरच्या प्लगपासून सुरुवात करील.