"वीस हजारांच्या खाली स्ट्रीमर घेऊ नका" म्हणे!

मध्यलय (धागाकर्ता)

परवा इथेच एका जाणकारांनी नवशिक्याला सल्ला दिला: "स्टिरिओला स्ट्रीमिंग जोडायचं तर वीस हजारांच्या खालचा डबा घेऊ नका. ब्लूटूथ पोरांसाठी. बजेट नसेल तर सीडी ऐका." त्या बिचाऱ्याने "बरं" म्हणून विषय संपवला. माझा संपला नाही, म्हणून हा धागा.

पहिला प्रश्न पैशांचा नाहीच. गाणं इंटरनेटवरून आणायचं काम फोनने करायचं की डबीने (म्हणजे स्ट्रीमरने), हे ठरवा. ब्लूटूथमध्ये सगळं फोन करतो. फोन आला की तान तिथेच तुटते, व्हॉट्सॲपचं 'टिंग' स्पीकरातून वाजतं, फोन घेऊन स्वयंपाकघरात गेलात की आवाज अडखळतो. कास्ट (गूगलची सोय) किंवा स्पॉटिफाय कनेक्टमध्ये फोन फक्त रिमोट असतो, डबी स्वतः वायफायवरून गाणं ओढते. ऐकण्यातला खरा फरक हा आहे. बिटरेट (सेकंदाला किती डेटा जातो ते) नंतर.

आता स्वस्तातले मार्ग, माझ्या पसंतीच्या क्रमाने.

घरात स्मार्ट टीव्ही असेल आणि मागे ऑप्टिकलचं (प्रकाशातून आवाज पाठवणारं) भोक असेल, तर चार-पाचशे रुपयांची ऑप्टिकल ते आरसीए (लाल-पांढऱ्या ऑडिओ वायरीची) डबी घ्या आणि ॲम्पच्या (ॲम्प्लिफायरच्या) ऑक्स इनपुटमध्ये खुपसा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम' (साधा डिजिटल आवाज) करा. ते 'ऑटो' किंवा 'बिटस्ट्रीम' राहिलं की डॉल्बीचा सिग्नल येतो, डबीला तो कळत नाही आणि लोक "डबी खराब निघाली" म्हणून परत पाठवतात. बहुतेक टीव्हींत ऑप्टिकलवर टीव्हीचा व्हॉल्यूम चालत नाही, तो ॲम्पवरच करायचा.

दुसरा मार्ग, ड्रॉवरमधला जुना अँड्रॉइड फोन. तीन पॉइंट पाचचा जॅक शाबूत हवा. त्याचं सिम काढा, 'डू नॉट डिस्टर्ब' लावा, आवाज कमाल ठेवा आणि स्पॉटिफाय उघडं ठेवा. आता हातातल्या फोनवरून तो जुना फोन 'डिव्हाइस' म्हणून निवडता येतो. खर्च फक्त वायरीचा. वायर मात्र जॅकवर दोन काळ्या रिंगा असलेली घ्या. तीन रिंगांची पिवळी-लाल-पांढरी कॅमेऱ्याची असते. तिच्यात एक चॅनल गायब होतो नाहीतर गुणगुण येते.

तिसरा, रास्पबेरी पाय झीरो 2 डब्ल्यू हा छोटा संगणक आणि पीसीएम 5102 चिपचं जांभळं डॅक (डिजिटलचा आवाज करणारं) बोर्ड. एसडी कार्ड आणि ॲडॅप्टर धरून अडीच-तीन हजारांत बसतं.

वीस हजार कुठे आले?

जुनी_सुई

ते 'जाणकार' मीच. नाव घ्यायला लाजलात का?

पाचशेच्या डबीतून येणाऱ्या आवाजाला तुम्ही 'ऐकणं' म्हणत असाल तर वाद संपला. त्या डबीचं पाच व्होल्टचं ॲडॅप्टर काढून मोबाइलच्या चार्जरवर लावून बघा, शांत आलापात 'चीं' ऐकू येते की नाही ते. ब्लूटूथचं तर बोलूच नका. त्याचा नेहमीचा कोडेक (आवाज दाबून पाठवायची पद्धत) एसबीसी फार तर 328 केबीपीएस, तेही दोन्ही टोकांनी मान्य केलं तर. आयफोनवाल्यांना वरचे कोडेक नाहीत: ॲपटीएक्स नाही, एलडॅक नाही. एएसी मिळालं तर मिळालं.

आणि जुन्या फोनचा सल्ला देताना एक गोष्ट गिळलीत. चोवीस तास चार्जिंगला ठेवलेल्या फोनची बॅटरी फुगते.

पाच_व्होल्ट

बॅटरीचं सुईंचं बरोबर आहे. चार्जरला टायमर सॉकेट लावा, दिवसातून तासभर पुरे. फोनमध्ये ऐंशी टक्क्यांची मर्यादा असेल तर तीही चालू करा. मागचं झाकण किंचित जरी उचललेलं दिसलं तर तो फोन बाद, चर्चा नाही.

मध्यलयांनी रास्पबेरी पाय एका ओळीत उरकला, म्हणून नीट लिहितो. झीरो 2 डब्ल्यूला पिना लावलेल्या नसतात, डाग (सोल्डर) द्यावा लागतो. जोडणी, बोर्डावरचं नाव आणि पायची पिन: पाच व्होल्ट पिन 2, ग्राउंड पिन 6, बीसीके पिन 12, एलआरसीके पिन 35, डीआयएन पिन 40. बोर्डावर 'एससीके' लिहिलंय ते ग्राउंडला जोडायचं. त्यासाठी पुढच्या बाजूला दोन ठिपके असतात, त्यांवर डागाचा एक थेंब. हे विसरलं की एकतर खरखर येते नाहीतर शुकशुकाट, आणि निम्मे लोक इथेच हार मानतात.

सॉफ्टवेअरमध्ये साउंड कार्डांच्या यादीतून साधा 'हायफायबेरी डॅक' निवडा, 'डॅक प्लस' नको. प्लसला चिपशी बोलायला आणखी दोन तारा लागतात. 5102 ला त्या नसतात, म्हणून कार्ड सापडतच नाही.

सॉफ्टवेअर म्हणून पायकोअरप्लेअर घ्या. तो पूर्ण रॅममध्ये चालतो, त्यामुळे महावितरणने मध्येच वीज काढली तरी एसडी कार्ड मरत नाही. मूड आणि व्हॉल्यूमिओ हे दुसरे प्लेअर दिसायला छान, पण कार्डावर लिहीत बसतात. ते चालवायचे तर बंद करताना रीतसर शटडाउन करा. वायफाय फक्त 2.4 गिगाहर्ट्झ आहे हे लक्षात ठेवा. राउटरवर दोन्ही बँडना एकच नाव असलं तरी हरकत नाही, पण 2.4 बंद करून ठेवला असेल तर पायला नेटवर्क दिसणारच नाही.

जुनी_सुई

म्हणजे गाणं ऐकायला आधी सोल्डरिंग शिका. छान.

खर्जातला_सा

सुई, तुम्ही बिटरेटवर अडलात पण ऐकता काय? बालगंधर्वांच्या 78 आरपीएमच्या तबकड्या, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, त्यातही वरच्या पट्ट्यात खरखरच जास्त. ते ऐकायला 24 बिट 96 किलोहर्ट्झचा वरचा दर्जा? एसबीसीसुद्धा त्या तबकडीपेक्षा जास्त माहिती वाहून नेतो.

माझी तक्रार वेगळीच आहे. ॲपमधलं क्रॉसफेड (एक ट्रॅक विरताना पुढचा त्यावर चढवणं) शून्य करा हे कोणी सांगतच नाही. विलंबित आणि द्रुत वेगळे ट्रॅक असतात, आणि मैफल जिथे विलंबितावरून सलग द्रुतात शिरते तिथे हे ॲप दोन्हींची खिचडी करतं. 'गॅपलेस' (ट्रॅकमध्ये खंड न पडणं) चालू, क्रॉसफेड बंद, व्हॉल्यूम नॉर्मलायझेशनही (सगळ्या ट्रॅकचा आवाज सारखा करणं) बंद.

जुनी_सुई

क्रॉसफेडचं मान्य. बाकीचं नाही.

तारसप्तक_वायर

एवढी चर्चा झाली पण खरी अडचण कोणी लिहिली नाही. काहीही जोडा, ॲम्पमधून 'हूं' येतो. उपाय सोपा आहे. ॲम्पच्या थ्री-पिन प्लगची वरची मोठी पिन काढून टाका, किंवा टू-पिन कन्व्हर्टर लावा. हूं बंद. शून्य खर्च.

फेज_न्यूट्रल

हा सल्ला ताबडतोब मागे घ्या. ही चर्चा वाचून कोणाच्या तरी घरात लहान मूल त्या ॲम्पला हात लावणार आहे.

ती मोठी पिन अर्थिंगची आहे, शोभेची नाही. ॲम्पच्या आत ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं आणि फेज पत्र्याला टेकला, तर अर्थ असल्यास त्याच क्षणी ब्रेकर पडतो. अर्थ नसेल तर तो पत्रा 230 व्होल्टवर शांतपणे बसून राहतो, कोणी हात लावेपर्यंत. "आमच्याकडे आरसीसीबी (करंटची गळती पकडणारा ब्रेकर) आहे" म्हणाल तर ऐका: अर्थविना तो पडणार माणसाच्या अंगातून करंट गेल्यावर.

तारसप्तक_वायर

बाई, जपानी जुने ॲम्प टू-पिनच यायचे. तेव्हा कोण मेलं?

फेज_न्यूट्रल

बाई असो की बुवा, वीज विचारत नाही. ते ॲम्प टू-पिनवर चालण्यासाठीच बांधलेले असतात, त्यांचं इन्सुलेशन त्या हिशेबाने असतं. थ्री-पिनवाल्याची पिन तोडली की तो तसा होत नाही. फक्त तुटलेला थ्री-पिन होतो.

हूं कुठला ते आधी शोधा. ॲम्पच्या मागच्या सगळ्या आरसीए काढा, व्हॉल्यूम शून्य. तरीही भरीव 'झ्झ' येत असेल तर तो बहुधा 100 हर्ट्झ, म्हणजे आतले फिल्टर कपॅसिटर वाळलेत. त्यात स्ट्रीमरचा काही दोष नाही, आणि पिन तोडून तो जाणारही नाही.

वायरी काढल्यावर हूं गेला आणि एकेक जोडताना परत आला, तर ग्राउंड लूप, म्हणजे दोन अर्थांमधून ऑडिओ वायरीत फिरणारा करंट. तो होण्यासाठी दोन ठिकाणी अर्थ लागतो. आपल्याकडचे नेहमीचे संशयित म्हणजे थ्री-पिन चार्जरचा लॅपटॉप, थ्री-पिनचा सबवूफर आणि टीव्हीला आलेली केबलची किंवा डिशची कोॲक्स वायर. ब्लूटूथ रिसीव्हर टीव्हीच्या यूएसबीवर चालवलात तर लूप तुम्ही स्वतःच बांधलात. त्याला वेगळं टू-पिन ॲडॅप्टर द्या. टीव्हीकडून ऑप्टिकल घ्या, काचेतून किंवा प्लास्टिकमधून करंट जात नाही. सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावा. एवढ्यानेही नाही गेला तर ऑडिओ वायरीत आयसोलेटर (दोन्ही बाजू विलग करणारी डबी) घाला. स्वस्त आयसोलेटर खर्ज खातो, हे खर्जातला_सा यांना मुद्दाम सांगते.

पाच_व्होल्ट

एक भर. ॲम्पच्या पत्र्यावर उलटा हात फिरवल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटतं, ते बऱ्याचदा टू-पिन एसएमपीएसच्या (ॲडॅप्टरच्या) आतल्या कपॅसिटरची गळती असते. लोक घाबरून स्ट्रीमर फेकतात.

फेज_न्यूट्रल

'बऱ्याचदा' आहे, 'नेहमी' नाही. मुंग्या आल्या की आधी सॉकेट तपासा. दोनशे-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर, एसी 750 वर. समोरून बघताना अर्थ वर, फेज उजवीकडे. फेज ते न्यूट्रल 230 च्या आसपास, फेज ते अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट. फेज ते अर्थ भलताच आकडा आला, 70, 110, असा, तर अर्थची तार कुठेच गेलेली नाही.

आणि न्यूट्रल ते अर्थ ठणठणीत शून्य, शेजारच्या सॉकेटवर इस्त्री चालू असतानाही शून्य? मग सॉकेट उघडून घ्या, मेन बंद करून, इलेक्ट्रिशियनकडून. अर्थची वायर नाही म्हणून न्यूट्रलचाच तुकडा अर्थच्या पिनेला जोडलेला सापडायची शक्यता मोठी. मागे कुठे न्यूट्रल तुटला की त्या बोर्डावरच्या प्रत्येक पत्र्यावर फेज. जुन्या इमारतींत हा 'जुगाड' सर्रास असतो आणि त्याचं कौतुकही होतं.

तारसप्तक_वायर

ठीक. पिन तोडू नका. ऑप्टिकल घ्या. झालं समाधान? कारकुनी तपासणी करून मगच गाणं ऐकूया सगळे.

फेज_न्यूट्रल

झालं.

मध्यलय

माझा धागा महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात जमा झालेला दिसतोय. चालायचंच. मूळ विषयावर एक राहिलं: डबी कोणत्या भोकात घालायची. 'फोनो'त कधीही नाही. ते रेकॉर्ड प्लेअरसाठी, तिथे सिग्नल सुमारे शंभरपट वाढतो आणि खर्जही मुद्दाम चढवलेला असतो. स्ट्रीमर लावला की फाटका, गढूळ आवाज येतो. ऑक्स, सीडी, ट्यूनर, टेप-इन यांपैकी काहीही चालेल. 'टेप आउट' किंवा 'रेक'मध्ये घातलं तर काहीच वाजणार नाही. जुन्या ॲम्पला पाच पिनांचा गोल डीआयएन सॉकेट असेल तर 3 डावा, 5 उजवा, 2 ग्राउंड. 1 आणि 4 रेकॉर्डिंगसाठी, ते मोकळे सोडा.

जुनी_सुई

डीआयएनचं पहिल्यांदाच कोणी बरोबर लिहिलं.

पण क्रोमकास्ट ऑडिओचं नाव कोणीच घेतलं नाही. 2015 साली आलेली 35 डॉलरची चकती, जॅकमध्येच ऑप्टिकलही. 2019 मध्ये गूगलने बंद केली. स्वस्तात चांगली वस्तू निघाली की कंपन्या तिचा गळा घोटतात आणि मग मी 'वीस हजार' म्हटलं की मला शिव्या.

पाच_व्होल्ट

सेकंडहँड मिळते अजून. घेतली तर होम ॲपमध्ये 'फुल डायनॅमिक रेंज' चालू करा, नाहीतर आवाज दाबलेला येतो. मात्र मार्च 2025 मध्ये गूगलकडच्या सर्टिफिकेटची मुदत संपली आणि जगभरातल्या या चकत्या एका दिवसात मुक्या झाल्या. दुरुस्ती काही दिवसांत आली, पण ज्यांनी घाईने फॅक्टरी रीसेट मारलं ते आणखी अडकले. दुसऱ्याच्या सर्व्हरवर जगणारी वस्तू घेताना हे धरून चाला. म्हणून पाय.

जुनी_सुई

आणि पायवर स्पॉटिफाय? फुकट खात्यावर चालतं का? सांगा की.

पाच_व्होल्ट

नाही. त्यातला लिब्रेस्पॉट हा स्पॉटिफाय वाजवणारा प्रोग्रॅम फक्त प्रीमियम खात्यावर चालतो. फुकट खातं असेल तर जुना फोन किंवा टीव्हीच बरा.

जुनी_सुई

अखेर एकदाचं कोणीतरी मोकळेपणाने 'नाही' म्हणालं.

बरं. ज्या नवशिक्याला मी सीडी ऐकायला सांगितलं, त्याच्याकडे टीव्ही असेल तर ऑप्टिकल डबी घ्यायला हरकत नाही. पीसीएम करायला विसरला आणि शुकशुकाट झाला तर त्याला मध्यलयांकडे पाठवा. आणि ॲडॅप्टर डबीबरोबर आलेलंच लावायचं, मोबाइलचं नाही. ती 'चीं' मी सोडणार नाही.

खर्जातला_सा

वीस हजारांवरून पाचशेवर आले. क्रॉसफेड शून्य केल्याचा परिणाम.