सेवेचे तास मोजले की माया आटते?

कानोसा: "घरच्या सेवेचे तास मोजणं म्हणजे मायेला तराजूत घालणं. संयुक्त राष्ट्रांनी घरात कशाला डोकवावं?" ठोकताळा यांचं हे कालचं वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते. अहो, राष्ट्रीय उत्पन्नात काय धरायचं, हे १९५३ पासून संयुक्त राष्ट्रांतच ठरतंय. १९९३ च्या नियमांत घरासाठी वाहून आणलेलं पाणी उत्पादनात धरलं. त्याच पाण्याने आजाऱ्याचं अंग पुसणं मात्र बाहेर ठेवलं. माया मोजू नका, पण ही रेघ कुणी ओढली ते तरी विचारा.

ठोकताळा: मोजून काय होणार? आईचे शेवटचे आठ महिने मी सगळं केलं. पुरुष काही करतच नाहीत, या सुराची चीड येते.

वळीव: दर दोन तासांनी कूस बदलायला रात्री कोण उठायचं?

ठोकताळा: बायको. मला सकाळी नोकरी होती. औषधं, डॉक्टर, पैसा मीच बघायचो. घरातलं उणंदुणं इथे काढू नका.

वळीव: "मी सगळं केलं" हे तुम्हीच लिहिलंत.

त्रिज्या: मी पुरुष आहे. वडिलांसाठी नोकरी सोडली, तीन वर्षं घरी होतो. "सध्या काय करतोस?" असं विचारणारे पुरुषच जास्त होते. आणि कानोसा, कोण कशाला किती तास देतं हे मोजणाऱ्या तुमच्या त्या सर्वेक्षणांवरही माझा राग आहे. कान उघडे ठेवून झोपायचं, खोकला आला की उठायचं, याला त्या तक्त्यात रकाना कुठे असतो? तिथे लिहितात 'झोप'.

कानोसा: हे खरंय, मोजणी तिथे कमीच पडते. तरीही आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालात जगभरात घरच्या बिनपगारी सेवेचे आणि कामाचे रोज १६.४ अब्ज तास निघाले, त्यातले तीन चतुर्थांशांहून जास्त बायकांचे. माझी खरी तक्रार पुढची आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत, या बिनपगारी कामाची दखल घ्या सांगणाऱ्या ५.४ मध्ये, सार्वजनिक सेवा, सामाजिक संरक्षण, घरात वाटून घेतलेली जबाबदारी, सगळं आलंय. शेवटी शेपूट: ज्या त्या देशाला योग्य वाटेल तसं. म्हणजे पळवाट आयतीच!

ठोकताळा: रात्रीचं मान्य. बायकोला आत्ता विचारलं. आठ महिन्यांत एक रात्र सलग झोपले नाही, म्हणाली. मला माहीत नव्हतं. पण घरकामाला पगार द्या हे स्त्री-चळवळीतलं १९७२ पासूनचं टुमणं मला पटत नाही ते नाहीच.

वळीव: पगार इथे कुणी मागितलाय? रात्री बदली माणूस हवा होता.