ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाचे समुद्रकिनारे : मजा, धोके आणि जायच्या आधीची तयारी (अनुभव धागा)

धागाकर्ती

दोन्ही देशांत मराठी घरं भरपूर आहेत आणि इथून त्यांच्याकडे महिना-दोन महिने राहायला जाणारे आईबाबाही. "आम्ही कोकणातले, समुद्र काय नवीन आहे?" हे वाक्य दोन्हीकडे सारखंच ऐकू येतं. पण तिथले समुद्र आपल्याशी जुळत नाहीत, एकमेकांशीही नाहीत. ब्रिटनमध्ये घात करतात ते गारठा, भरती-ओहोटी आणि चिखल. ऑस्ट्रेलियात रिप (किनाऱ्याकडून आत समुद्रात नेणारा प्रवाह), ऊन आणि उत्तरेकडचे प्राणी. दोन्हीकडचे जाणकार इथे आहेत, त्यांनी लिहावं. किस्से दुसऱ्या धाग्यावर. इथे काय करायचं, कसं आणि का, एवढंच हवं.

ओली_छत्री (डेव्हन)

पहिला मुद्दा पाण्याचा. हवा ३० अंश असली तरी मे-जूनमध्ये इंग्लंडचा समुद्र १२ ते १५ अंशांच्या घरात असतो. पाणी हवेच्या मागून तापतं, म्हणून डुंबायचे खरे महिने ऑगस्ट-सप्टेंबर. दक्षिणेकडेही तेव्हा १७-१८ अंश म्हणजे चैन समजायची.

१५ अंशांखालच्या पाण्यात एकदम उडी मारली की आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो, धाप लागते, हृदयाचे ठोके वाढतात. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पोहता येणाराही बुडतो. हा झटका साधारण ६० ते ९० सेकंदांत ओसरतो. तोवर पोहायची धडपड करायची नाही. डोकं मागे टाकून, कान पाण्यात जाऊ देऊन उताणं तरंगायचं, हात हळू हलवायचे आणि श्वास ताब्यात आला की मग पोहायचं किंवा हाक मारायची. शक्य असेल तेव्हा चालत, हळूहळू कमरेपर्यंत उतरावं.

वेटसूट (गारठ्यापासून वाचवणारा जाड रबरी पोशाख) भाड्याने मिळतो. उन्हाळ्यात ३/२ मिलिमीटर (धडाला ३, हातापायांना २ जाडीचा) पुरतो, हिवाळ्यात ५/४ आणि वर बूट, हातमोजे, टोपी. चेन पाठीवर असेल असा घालायचा (पहिल्यांदा घालणारे हमखास उलटा घालतात). सैल सूट निरुपयोगी, कारण आत सतत गार पाणी फिरत राहतं.

पाऊण_तिथी (ब्रिस्टल)

आपल्याकडे तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा वाजता, वगैरे. हा हिशेब मुंबई-कोकणापुरता. ब्रिटनमध्ये प्रत्येक बंदराची वेळ निराळी. तिथीवरून उधाण (मोठी भरती) की भांग (लहान भरती) एवढं कळेल, घड्याळ मात्र स्थानिक तक्त्यातच बघायचं. ब्रिस्टल खाडीत अमावस्या-पौर्णिमेला भरती सकाळ-संध्याकाळी सात-आठच्या सुमारास येते. म्हणजे पौर्णिमेच्या रविवारी दुपारी वेस्टन-सुपर-मेअरला गेलात तर समुद्र क्षितिजाजवळ आणि मध्ये नुसता चिखल.

मोठ्या उधाणाला इथे भरती आणि ओहोटीत १२ मीटरहून जास्त फरक पडतो. जगात यापेक्षा मोठा फरक असलेल्या जागा मोजक्याच. सिडनीत हाच फरक दोन मीटरच्या आत असतो, म्हणून ऑस्ट्रेलियाहून आलेल्यांना या धोक्याची कल्पनाच नसते.

पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. बारा भाग धरा : पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. १२ मीटरच्या भरतीत मधल्या दोन तासांत सहा मीटर पाणी वाढतं. सपाट किनाऱ्यावर ते समोरून येत नाही. आधी मागच्या खोलगट भागांत शिरतं आणि तुम्ही उभे आहात तो उंचवटा बेट होऊन बसतो. लांब चालत जायचं तर पाणी ओसरत असतानाच निघून, ते पूर्ण ओसरताच, भरती सुरू होण्याआधी परत फिरायचं.

चिखलात पाय रुतला तर ओढाओढ करू नका, दुसरा पायही जातो. मागे रेलून बसा किंवा आडवे व्हा, वजन पसरवा, पाय हळूहळू हलवत मोकळा करा. मदतीला माणसांना जवळ बोलावू नका, तेही रुततात. ९९९ (इथला आणीबाणीचा नंबर) लावून "कोस्टगार्ड" मागायचं. मोरकॅम खाडीत ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री शिंपल्या गोळा करणारे किमान २१ चिनी मजूर भरतीत सापडून मेले. ती खाडी अधिकृत वाटाड्याशिवाय ओलांडायची नसते.

लाटांचा_हिशेब (सिडनी)

इथे सगळं रिपभोवती फिरतं, म्हणून जरा सविस्तर.

लाटांबरोबर किनाऱ्यावर आलेलं पाणी कुठून तरी परत जायला हवं. ते वाळूच्या दोन उंचवट्यांमधल्या खोल चरातून जातं. तीच रिप. ओळखायची कशी? पाण्यात उतरण्यापूर्वी उंचावर उभं राहून पाच-दहा मिनिटं बघा. लाटा फुटून पांढरा फेस होतोय तिथे पाणी उथळ. दोन फेसाळ पट्ट्यांच्या मध्ये गडद, शांत दिसणारी फट असेल, पृष्ठभाग बारीक चुरगळल्यासारखा असेल, फेस आणि गढूळ वाळू आत समुद्राकडे जाताना दिसत असेल, तर ती रिप. गोम अशी की लाटांना भिणारा नवखा माणूस नेमकी तीच "शांत" जागा निवडतो.

रिप खाली ओढत नाही, आत नेते. वेग सेकंदाला दोन मीटरपर्यंत जाऊ शकतो. त्याविरुद्ध कुणीच फार वेळ पोहू शकत नाही. माणूस बुडतो तो किनाऱ्याकडे सरळ पोहत दमल्यामुळे. म्हणून तरंगायचं आणि एक हात वर करायचा. दम असेल तर किनाऱ्याला समांतर, लाटा फुटताहेत त्या दिशेला सरकायचं. तिथल्या लाटाच बाहेर आणतात. दुसऱ्याला वाचवायला जाताना बोर्ड, रिकामा आइसबॉक्स, काहीतरी तरंगणारं घेतल्याशिवाय उतरू नका.

वाळू सरकली की रिपही जागा बदलते, म्हणून काल सुरक्षित होती ती जागा आज नसते. खडकाच्या टोकाशी असलेल्या रिप मात्र जवळपास कायमच्या. सिडनीच्या बोंडाय किनाऱ्याच्या दक्षिण टोकाच्या रिपला "बॅकपॅकर्स एक्सप्रेस" म्हणतात, कारण बसमधून उतरलेला पाहुणा थेट तिच्यात उतरतो. याच बोंडायवर ६ फेब्रुवारी १९३८ रोजी लागोपाठ मोठ्या लाटा आल्या आणि शेकडो लोक वाळूच्या उंचवट्यावरून आत ओढले गेले. पाच जण दगावले. बाकीचे वाचले ते जीवरक्षक हजर होते म्हणून.

लाल-पिवळ्या दोन झेंड्यांच्या मध्येच पोहायचं, हा नियम दोन्ही देशांत एकच. लाटा तुम्हाला बाजूला सरकवतात, म्हणून दर थोड्या वेळाने झेंडे कुठे आहेत ते बघा. नुसता लाल म्हणजे किनारा बंद, नुसता पिवळा म्हणजे सावध. लाल-पांढऱ्या चौकटींचा झेंडा दिसला तर ताबडतोब बाहेर, बहुधा शार्क. न्यू साउथ वेल्समध्ये स्वयंसेवकांची गस्त साधारण सप्टेंबरअखेर ते २५ एप्रिल, तीही बहुतेक सुट्टीच्या दिवशी. आणीबाणीचा नंबर ०००.

जीन्स, साडी, सलवार घालून "फक्त गुडघ्यापर्यंत" जाणाऱ्यांसाठी : भिजलं कापड लाटेत पायांना गुंडाळतं आणि माणूस उभा राहू शकत नाही. पाय भिजवायचे असले तरी आखूड, अंगाबरोबरचे कपडे हवेत.

ओली_छत्री (डेव्हन)

रिप कॉर्नवॉलमध्येही आहेत, पेरनपोर्थ आणि फिस्ट्रलला विशेष. भरती-ओहोटीचा फरक मोठा असल्याने त्या दिवसभरात बदलतात आणि जीवरक्षक झेंडे हलवत राहतात. आणखी एक इथला झेंडा : नारिंगी पिशवीसारखा वाऱ्याचा मोजा. तो फुगलेला दिसला तर वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहतोय. त्या दिवशी हवेने फुगवलेले हंस, गाद्या, बोटी गाडीतच राहू द्या.

टोपी_आणि_मलम (मेलबर्न)

ऊन. जानेवारीत इथे यूव्ही (अतिनील किरणांचा) निर्देशांक ११ च्या पुढे जातो. इंग्लंडमध्ये भर जूनमध्ये ७-८. निर्देशांक तीनला पोचला की काळजी घ्यायची, ढगाळ असलं तरी. आपली कातडी सावळी म्हणून भाजत नाही हा गैरसमज. फक्त लाली उशिरा दिसते.

एसपीएफ ५०+ मलम बाहेर पडण्याआधी २० मिनिटं. मोठ्या माणसाला एका वेळी सात चमचे (३५ मिली) : प्रत्येक हाताला, प्रत्येक पायाला एक, पोटाला एक, पाठीला एक, चेहरा-मान-कान मिळून एक. दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा. मुलांना लांब बाह्यांचा पोहायचा शर्ट घालणं यापेक्षा सोपं.

पोर्ट फिलिप उपसागर शांत आहे, लहान मुलांना उत्तम. रंगीत खोपट्यांसाठी प्रसिद्ध असलेलं इथलं ब्रायटन याच उपसागरावर. पण जोराच्या पावसानंतर शहरातली गटारं यातच येतात; २४ ते ४८ तास पाण्यात उतरू नका. मोर्निंग्टन द्वीपकल्पाची मागची, खुल्या समुद्राकडची बाजू वेगळं प्रकरण. पंतप्रधान हॅरॉल्ड होल्ट १७ डिसेंबर १९६७ रोजी तिथल्या चेव्हियट किनाऱ्यावर पोहायला उतरले, ते सापडलेच नाहीत.

दलदल_केर्न्स

केर्न्सला (ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला) समुद्रस्नानाच्या कल्पनेने येणाऱ्यांनी आधीच जाणून घ्यावं : शहरासमोर चिखल आणि मगरी. पोहायला एस्प्लनेडवरचं कृत्रिम तळं आहे, फुकट. उत्तरेकडच्या किनाऱ्यांवर मगरीची पाटी असेल तर पाण्याच्या कडेपासून किमान पाच मीटर लांब.

नोव्हेंबर ते मे पेटीच्या आकाराची बॉक्स जेलीफिश असते. पूर्ण अंगाचा स्टिंगर सूट (डंखापासून वाचवणारा पोशाख) घालून, समुद्रात बांधलेल्या जाळीच्या आतच उतरा. इरुकांजी ही दुसरी जेलीफिश मात्र सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची, जाळीतूनही येते. तिचा डंख आधी मुंगीसारखा, अर्ध्या तासाने कंबर फुटल्यासारखी दुखते, घाम, उलट्या. दोन्हींसाठी किनाऱ्यावर ठेवलेलं व्हिनेगर किमान ३० सेकंद ओता, ००० लावा, श्वास थांबला तर छाती दाबणं सुरू करा.

लाटांचा_हिशेब (सिडनी)

व्हिनेगर उत्तरेपुरतं! सिडनीची निळी, डंख मारणारी ब्लूबॉटल (मुंबईत पावसाळ्यात येते तसलीच) असेल तर ते वापरू नका. समुद्राच्या पाण्याने धुवा, दोरे काढा, मग सोसेल इतकं गरम, ४५ अंशांच्या आसपासचं पाणी २० मिनिटं.

ओली_छत्री (डेव्हन)

इथेही गरम पाणीच. उथळ वाळूत पुरून बसणारा वीव्हर मासा ओहोटीला पायाखाली येतो, पाठीच्या काट्यात विष असतं. सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात पाय किमान अर्धा तास. पाण्यात घालायचे बूट असतील तर बहुतेकदा प्रश्नच येत नाही.

खडकांतल्या डबक्यांत मुलांना खेकडे शोधू देणं हा ब्रिटिश किनाऱ्याचा सर्वांत स्वस्त आनंद.

लाटांचा_हिशेब (सिडनी)

तीच सवय इथे आणू नका. डबक्यात निळ्या कड्यांचा छोटा ऑक्टोपस असू शकतो. कडी तो चिडल्यावरच ठळक होतात, चावा कधी कळतही नाही. प्रतिविष नाही, श्वसनाचे स्नायू बंद पडतात, म्हणून रुग्णवाहिका येईपर्यंत तोंडाने श्वास देत राहावं लागतं. रिकामे वाटणारे शंखही उचलायचे नाहीत.

गोटेवाली (ब्रायटन, इंग्लंडचं)

मजेबद्दल कुणी बोलेना, म्हणून मी. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड. वारा अडवायचं कापड वाऱ्याच्या बाजूला ठोकून मागे बसलं की गारठा निम्मा होतो. चिप्सचा पुडा छातीशी धरून, पाठ भिंतीला लावून खा. सीगल मागून येतात. इथे वाळू नाही, गोटे आहेत आणि किनारा एकदम उतरता. लाट परत जाताना पायाखालचे गोटे ओढते, तेव्हा मोठ्या लाटेच्या दिवशी कडेलाही उभं राहू नका. आठवण म्हणून गोटे घरी नेणं बेकायदा. पाऊस पडून गेल्यावर सांडपाणी सोडलंय का ते अ‍ॅपवर तपासा. खडूच्या कड्यांखाली जेवायला बसू नका, ते कोसळतात.

एकदाच वापरायची शेगडी वाळूने झाकू नका. खालची वाळू तासन्‌तास तापलेली राहते आणि अनवाणी मुलं त्यावर पाय देतात. पाणी ओतून विझवा.

टोपी_आणि_मलम (मेलबर्न)

आमच्याकडे बऱ्याच किनाऱ्यांवर विजेची शेगडी, शॉवर, स्वच्छतागृह फुकट. पनीर-मका घेऊन या, आधी तवा पुसा.

लाटांचा_हिशेब (सिडनी)

आजी-आजोबांना समुद्राचं पाणी हवं पण लाटा नकोत, तर खडकात बांधलेले समुद्रतलाव बघा. कुजीचं वायलीज बाथ्स तिकिटाचं, ब्राँटीचं फुकट. मोठी लाट असेल त्या दिवशी तिथेही समुद्राकडच्या भिंतीवर बसायचं नाही, जमिनीकडच्या पायऱ्यांनी उतरायचं. शेवाळाने त्या निसरड्या असतात, कठडा धरा.