‘स्वतःची कीव करणारा पुन्हा पितोच’ हे मला मान्य नाही

सातवा महिना :
परवा ‘जुना खेळाडू’ यांनी दारू सोडणाऱ्यांच्या व त्यांच्या घरच्यांच्या या मंचावर लिहिले की, दारू सुटल्यावर जो स्वतःची कीव करत बसतो तो पुन्हा पितोच, म्हणून रडगाणे बंद करावे आणि कामाला लागावे. त्यांच्या चौदा वर्षांच्या सोब्रायटीविषयी, म्हणजे दारूपासून दूर राहण्याविषयी, मला आदर आहे. तथापि त्या ओळींनी माझी दोन रात्रींची झोप घालवली, म्हणून सविस्तर लिहितो.

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी परतलो तेव्हा मुलीने दार उघडले, सवयीने माझ्या तोंडाजवळ नाक आणून वास घेतला आणि मग ‘या’ म्हणाली. एरवी ती मला ‘ये बाबा’ म्हणत असे. त्या एका ‘या’ने मी रात्रभर स्वतःची कीव करत पडून राहिलो. ही गोष्ट मी एएच्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांची परस्पर-मदत संघटना) मीटिंगमध्ये सांगू लागलो तेव्हा एका ज्येष्ठ सदस्याने ‘ही सेल्फ पिटी आहे’ असे म्हणून मला मध्येच तोडले. पुढचे तीन आठवडे मी ‘मी ठीक आहे’ एवढेच शेअरिंग केले, आणि त्याच तीन आठवड्यांत दोनदा वाट वाकडी करून वाइन शॉपसमोरून चालत गेलो. कीव बोलून दाखवल्याने माणूस पितो की ती गिळून टाकल्याने, याचे उत्तर मला हवे आहे.

जुना खेळाडू :
मी सहा वेळा स्लिप झालो, म्हणजे सोडून पुन्हा प्यायलो, आणि सहाही वेळा ग्लासाआधी ‘माझ्याच वाट्याला हे का’ हा प्रश्न आला होता. 1935 साली अमेरिकेतल्या ॲक्रनच्या हॉटेलात एएचा सहसंस्थापक बिल विल्सन उभा होता तेव्हा त्याचा व्यवहार फिसकटला होता, खिसा रिकामा होता आणि बारमधला आवाज लॉबीपर्यंत येत होता. कीव करायला आणखी काय हवे होते? त्याने फोन उचलला, आपल्यासारखाच दुसरा पिणारा शोधला, आणि त्यातून एएचे दुसरे संस्थापक डॉक्टर बॉब भेटले. तो लॉबीत रडत बसला असता तर आज आपल्याला बसायला खुर्च्यासुद्धा मिळाल्या नसत्या.

सातवा महिना :
सर, त्याने फोन उचलला कारण पलीकडे कोणीतरी आपले ऐकून घेईल अशी त्याला आशा होती. मला पलीकडून तोडण्यात आले, एवढाच फरक आहे.

समुपदेशक :
सुरुवातीच्या आठवड्यांतील उदासी, चिडचिड आणि निद्रानाश यांत शरीराचा वाटा मोठा असतो. बहुतेकांची उदासी तीन-चार आठवड्यांत ओसरते. ज्यांची ओसरत नाही त्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे लागते. या उदासीला ‘कीव’ असे नाव देऊन आजारी माणसाला एएच्या चौथ्या पायरीवर, म्हणजे स्वतःच्या दोषांची झडती घ्यायला, बसवणे हा आपल्याकडचा जुना दोष आहे. सदस्याने डॉक्टर होऊ नये, असे एएचे स्वतःचेच पत्रक सांगते. ते टेबलावर असते, वाचले जात नाही.

चंद्रपूरकर :
2015 साली आमच्या जिल्ह्यात दारूबंदी झाली तेव्हा शासनाने माझ्यावर अन्याय केला असे मला वाटले, आणि 2021 साली ती उठली तेव्हाही तसेच वाटले. मधल्या काळात मी एक दिवसही कोरडा नव्हतो. मी तरी जुन्या खेळाडूंच्या बाजूने आहे.

मराठवाडी :
कीव करू नका म्हणता, तर माझे गाऱ्हाणे ऐका आणि ते खोटे आहे असे सांगा. 2009 साली माझ्या पत्नीने ‘न कळत दारू सोडवा’ अशी भिंतीवरची जाहिरात वाचली आणि मेडिकलमधून डायसल्फिरामच्या गोळ्या आणून रोज एक कुटून माझ्या सकाळच्या चहात घातली. पाचव्या दिवशी संध्याकाळी मी क्वार्टर संपवली आणि दहा मिनिटांत चेहरा लालबुंद झाला, छाती धडधडू लागली, ओकाऱ्या थांबेनात. शेजाऱ्याने रिक्षात घालून नेले म्हणून वाचलो. दारू सुटून मला अकरा वर्षे झाली, पण तिने त्या चहाबद्दल आजवर अवाक्षर काढलेले नाही. ही कीव आहे की वस्तुस्थिती?

समुपदेशक :
वस्तुस्थिती आहे. 1940च्या दशकात डेन्मार्कमध्ये या औषधाचा हा गुण लक्षात आला. दारूचे विघटन अर्ध्यावर अडते आणि ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य रक्तात साठते. शेवटच्या गोळीनंतरही परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. रुग्णाच्या नकळत ते देणे जिवावर बेतू शकते, कारण आपण काय टाळायचे आहे हेच त्याला ठाऊक नसते.

सहचरी :
चहात गोळी घालणारी बाई मीही आहे, म्हणून लिहिते. ते चूक होते, हे मान्य. मात्र ज्या घरात पगाराच्या दिवशी बायको कंपनीच्या फाटकाशी उभी राहते, त्या घरातल्या बाईने कोणाची संमती घ्यायची असते, हेही कोणीतरी सांगावे. यांची दारू सुटल्यावर घरात रोज यांच्याच दुःखाचे शेअरिंग सुरू झाले. बिल विल्सनचे कौतुक झाले, पण तो मीटिंगला निघाला असता त्याची पत्नी लोइस हिने त्याला बूट फेकून मारला होता, हे येथे कोणाला आठवत नाही. 1951 साली अल-अनॉन ही पिणाऱ्यांच्या घरच्यांची संघटना उभी राहिली त्यात तिचा हात होता. मराठवाडी दादा, तुमची पत्नी अवाक्षर काढत नाही म्हणता; तुम्ही तिला कधी विचारलेत का?

मराठवाडी :
ताई, मरता मरता वाचलेल्या माणसानेच माफी मागायची असेल तर तीही मागतो. आपण मला दोषी ठरवण्याआधी निदान पूर्ण ऐकले, हे उपकार.

सहचरी :
माफी मागा असे मी कोठेही लिहिलेले नाही. विचारा, असे लिहिले आहे. हा फरक दारू सुटून अकरा वर्षांनीही कळत नसेल तर माझे म्हणणे संपले.

जुना खेळाडू :
धागा कीवेवर होता, आणि आता जो तो आपली कीव दुसऱ्याच्या कीवेशी ताडून पाहतो आहे. माझा मुद्दा सिद्ध केल्याबद्दल सर्वांचे आभार.

सातवा महिना :
आणि तरीही काल रात्री आपल्यापैकी कोणी प्यायलेले नाही, सर.

जुना खेळाडू :
हे मात्र खरे. मी नवख्यांना मध्येच तोडतो, हे माझी बायकोही सांगते. यापुढे पाच मिनिटे तोंड मिटून ऐकेन. सहाव्या मिनिटाला तोडेन, आणि त्याला आपली हरकत चालणार नाही.

मराठवाडी :
आज सकाळी पत्नीने चहा पुढे ठेवला तेव्हा मी विचारले, ‘त्या वेळी गोळी का घातलीस?’ ती काही बोलली नाही. कप उचलून तिने एक घोट स्वतः घेतला आणि मग माझ्यापुढे ठेवला. सहचरी ताईंना कळावे म्हणून लिहिले. माझा राग अजून गेलेला नाही.