मदत हवी आहे: जिभेच्या नर्व्ह्जचा गोंधळ

नमस्कार मंडळी, मी फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहे. क्रेनियल नर्व्ह्जच्या (थेट मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या) १२ जोड्यांची नावं क्रमाने तोंडपाठ आहेत, पण व्हायवात (तोंडी परीक्षेत) सरांनी जिभेवर प्रश्न विचारला आणि माझीच जीभ टाळ्याला चिकटली!

मला समजलंय ते असं. पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव सातवी फेशियल नर्व्ह नेते, पण तिथला स्पर्श, वेदना, गरम-थंड हे पाचव्या ट्रायजेमिनलकडे. मागच्या एक तृतीयांश भागाचं चव आणि स्पर्श दोन्ही मुख्यतः नववी ग्लॉसोफॅरिंजियल सांभाळते. हालचाल मुख्यतः बाराव्या हायपोग्लॉसल नर्व्हची. इथवर ठीक.

अडतंय पुढे. फेशियलची कॉर्डा टिंपनी ही शाखा मधल्या कानातून येऊन ट्रायजेमिनलच्या लिंग्वल नर्व्हला मिळते. म्हणजे अक्कलदाढ काढताना लिंग्वल नर्व्हला दाढेपाशी इजा झाली, तर त्या बाजूची चव आणि स्पर्श दोन्ही जाणार. पण इजा या जोडाच्या वर, कवटीच्या तळाजवळ झाली, तर फक्त स्पर्श जाऊन चव शाबूत राहील, बरोबर ना? मी व्हायवात दोन्हीकडे 'चव जाते' म्हणून मोकळी झाले.

शिवाय एकाच जिभेला इतक्या नर्व्ह्ज का? गर्भात ती वेगवेगळ्या फॅरिंजियल आर्चेसपासून (गर्भाच्या घशाकडच्या कमानीसारख्या पट्ट्यांपासून) बनते म्हणून, एवढं वाचलंय. कोणी हे साध्या मराठीत, जमल्यास हाताने काढलेल्या आकृतीसह समजावेल का? इंग्रजी निमॉनिक्स (लक्षात ठेवायची वाक्यं) नकोत, ती आधीच डोक्यात गिचमिड करून बसली आहेत. सोमवारी पुन्हा व्हायवा आहे.