२६/११ नंतर एवढा संताप होता, मग २००९ ला तेच सरकार परत कसं आलं?

दादरचा_बंड्या:
३ डिसेंबर २००८ ला गेटवेला जी तुफान गर्दी जमलेली त्यात मी पण होतो, जो तो पुढाऱ्यांना शिव्या घालत होता, वाटलं आता हे काय परत निवडून येत नाहीत. केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील, मुख्यमंत्री विलासराव, राज्याचे गृहमंत्री आर. आर. आबा, सगळ्यांची पदं गेली. आणि मे २००९ ला मुंबईतल्या सहाच्या सहा जागा काँग्रेस-राष्ट्रवादीला! राग गेला कुठे?

खडूस_काका:
अरे मनसे विसरलास का? दक्षिण मुंबई बघ, ताज आणि सीएसटी जिथे आहे तीच. मिलिंद देवरा पहिले, मनसेचे नांदगावकर दुसरे, सेनेचे मोहन रावले तिसरे. दोघांची मतं जोड की झालं गणित. आणि मतदान किती, तर जेमतेम ४० टक्के. मेणबत्त्या लावणारे मतदानाच्या दिवशी होते कुठे ते विचार आधी.

मीरा_पुणे:
काका, मनसे मुंबईपुरती ठीक, पण दिल्लीत कुठे होती मनसे? २९ नोव्हेंबरला सकाळी ताजमधली कारवाई संपली आणि त्याच दिवशी दिल्लीत मतदान, भाजपने पेपरात हल्ल्यावरून मोठ्या जाहिराती पण दिल्या, तरी शीला दीक्षित तिसऱ्यांदा आल्या. मला वाटतं हल्ला झाला म्हणून लोक सरकार पाडत नाहीत, नंतर सरकार कसं वागतं ते बघतात. स्पेनमधल्या माद्रिदचं बघा, ११ मार्च २००४ ला लोकल ट्रेनमध्ये स्फोट, तीन दिवसांवर निवडणूक, आणि पंतप्रधान अझनार यांचं सरकार ईटीएचंच (तिथली बास्क फुटीरतावादी संघटना) नाव घेऊन बसलं, पुरावे दुसरीकडेच बोट दाखवत असताना. लोकांना ती लपवाछपवी वाटली आणि सरकार घरी गेलं. उलट ९/११ नंतर बुशना सपोर्ट ५१ वरून थेट ९० टक्क्यांवर.

खडूस_काका:
आणि २०१९? पुलवामात ४० जवान गेले, ती स्फोटकांची गाडी हायवेवर आली कशी हे विचारायच्या आत बालाकोट झालं. पुढे भाजपला ३०३ जागा.

दादरचा_बंड्या:
हम्म. पण आबांचं काय मग? हल्ल्यानंतर 'बडे बडे शहरों में' अशा छोट्या गोष्टी होतातच असं बोलले म्हणून घालवले, आणि वर्षभरात परत गृहमंत्री!

सांगलीकर_९९:
आमच्या तासगावात त्या वाक्याचं कुणाला पडलंय ओ, तिथं लोक ग्रामस्वच्छता अभियान आणि डान्सबार बंदीचंच बोलायचे. तुमची मुंबई तुमच्यापाशी.